ट्रॅक्टर काटोलला कसा न्यावा

इंदोरा, नागपूर
दि. २ सप्टेंबर २०२४

चि. सिंधूस,
बळीरामदादाचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद, वि. वि.

इकडे आम्ही ठीक आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा पावसाळ्यात बोलतो तसा बोलतोच आहे. कवडूच्या भाजीच्या गाडीने तू पाठवलेली मिरची पोचली; त्याच गाडीने हे पत्र परत येईल. ट्रेलरचा विषय फोनवर काढायचा नाही, कागदावर लिहायचा, हा तुझा हुकूम मला मान्य आहे. परवा फोनवर माझा आवाज चढला असं तू म्हणतेस. चढला नव्हता. वर्कशॉपमध्ये दहा एचपीची मोटार टेस्टिंगला लावली होती, तिच्यावरून बोलत होतो. असो. कागदावर आकडा आकड्यासारखा राहतो, म्हणून मलाही हेच बरं वाटतं.

तुझ्या दीक्षाने काटोलच्या शोभाताईंच्या संत्राबागेत ट्रॅक्टरचं काम धरलं, याचा मला आनंद आहे. पण भिवापूरहून नागपूर ओलांडून काटोल म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या वर. ट्रॅक्टर स्वतःच्या चाकांवर नेला तर डांबरावर टायर झिजतील आणि हायवेचे ट्रक आमच्या पोरीच्या मागे भोंगे वाजवत राहतील. म्हणून माझ्या पिकअपच्या मागे ट्रेलर लावायचा आणि त्यावर ट्रॅक्टर चढवून न्यायचा, ही सूचना माझीच होती. रोटाव्हेटरचं अवजार पिकअपच्या मागच्या डाल्यात बसेल. आता सूचना माझी, तर ट्रेलर निवडण्याची जबाबदारीही माझीच.

आणि इथे माझं डोकं फिरलं आहे. तीन ठिकाणी ट्रेलर पाहिले. वाडीच्या ट्रेलरवाल्या ओमप्रकाशला विचारलं की या ट्रेलरचं स्वतःचं वजन किती, तर म्हणतो की भाऊ, एकदम मजबूत आहे. मी वजन विचारलं होतं, तब्येत नाही. दुसऱ्याकडे ट्रेलर चांगला, पण त्याला आरसी बुकच नाही. तो म्हणे, शेतीचा माल आहे, कोण विचारते. तिसऱ्याने मलाच विचारलं की तुम्ही आरटीओत आहात का. तिघांनीही शेवटी एकच शब्द सांगितला, की चालते. सिंधू, माझ्या वर्कशॉपमध्ये हा शब्द बंद आहे. वाइंडिंग करताना चार वेढे कमी पडले तरी चालते म्हणणाऱ्याची मोटार उन्हाळ्यात जळते आणि तो मोटार माझ्याकडे घेऊन येतो. मी आयटीआय केलेलं नाही, पण तीस वर्षांत माझ्या हातची मोटार परत आलेली नाही.

हिशोब कठीण नाही. ट्रेलरच्या आरसी बुकात एक आकडा असतो: ट्रेलर आणि त्यावरचा माल मिळून जास्तीत जास्त किती. दुसरा आकडा माझ्या पिकअपचा: मागे किती ओढता येईल. माझ्या पिकअपचा आहे अठ्ठावीसशे किलो. दोन्हींच्या आत बसलो तर सुखाने जा. नाही बसलो तर दंड राहू दे, उतारावर ब्रेक वेळेवर लागणार नाही, आणि काही झालं तर विमावाला हात वर करेल. ट्रेलरपुढच्या गाडीत माझी भाची बसणार आहे. तिथे मला अंदाज नको.

ट्रॅक्टरसोबत आलेल्या पुस्तकात त्याचं वजन सतराशे वीस लिहिलं आहे. पुस्तकावर मी विश्वास ठेवत नाही. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी, पंधरा तारखेला, येतो आणि तुमच्या इथल्या ट्रक तोलायच्या धर्मकाट्यावर स्वतः तोलून घेतो. आमच्या जावईबापूंना, लहानूजींना सांग, डिझेल बरोबर अर्धी टाकी ठेवा.

सगळ्यांना जयभीम. माया पातळ होऊ देऊ नकोस, बाकी पातळ झालं तरी मी बघून घेईन.

तुझा,
बळीरामदादा


मु. पो. भिवापूरजवळ
दि. ६ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप बळीरामदादास,
सिंधूचा सविनय जयभीम, वि. वि.

दादा, पत्र मिळालं. दीक्षानं मोठ्यानं वाचून दाखवलं. तब्येतीवाल्या ओळीले आमी सगळे हसलो, तिचे बाबाही हसले, आन ते कसे हसतात ते तुले माहीत आहे, मिशी हलते फक्त.

पण गा दादा, तू तीन ट्रेलर नापास केले. असे किती नापास करणार आहेस? दीक्षाच्या लग्नासाठी पोरगं पाहाले तुले पाठवलं तर पोरगी म्हातारी होईन. माझी चेष्टा मनावर घेऊ नको, पण काळजी खरी आहे म्हणून लिहून राहिली.

शोभाताईचा फोन आला होता. बाई चांगली आहे, पण तिची बाग वाट पाहात नाही. पाऊस उघडला की झाडाच्या ओळीतलं तण काढाले पाहिजे. ती म्हणते का महिना संपाच्या आत पोरगी आली तर काम तिचं, आन आजूबाजूच्या चार बागाही तिच्याच. नाही आली तर तिकडचा एक ट्रॅक्टरवाला दारात उभाच आहे.

आन घरातली गोष्ट तुले सांगते, ती फोनवर सांगता येत नव्हती, कारण हे समोर बसून राहतात. यांची कंबर गेली तेव्हापासून ट्रॅक्टरवर हे बसत नाहीत. धानाच्या रोवण्याच्या दिवसात दीक्षानं आपल्या आन गावातल्या बांध्या चिखलून दिल्या, लोकांनी आधी तोंडं वाकडी केली, मंग नंबर लावले. पण रोवणा झाला का ट्रॅक्टर उभा. उभा ट्रॅक्टर पाहिला का यांचं सुरू होते, का इकून टाकू, इकून टाकू. काटोलचं काम मिळालं तेव्हापासून हा शब्द घरात नाही. काम गेलं तर दसऱ्याच्या आधी गिऱ्हाईक येईन पाहा. पोरगी रोज संध्याकाळी ट्रॅक्टर पुसून ठेवते.

म्हणून तू रविवारी ये, तोल, तुले जे काय मोजाचं ते मोज. फक्त यांच्यावर चिडू नको. हे तुले मोठं मानतात. तुझ्यापुढं यांचं तोंड उघडत नाही, हे तुले दिसते का नाही, मले माहीत नाही.

वहिनीले जयभीम. तुझा राग आन माझी काळजी दोन्ही एकाच गाडीत बसतीन एवढी जागा ठेव.

तुझी,
सिंधू


इंदोरा, नागपूर
दि. १६ सप्टेंबर २०२४

चि. सिंधूस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद, वि. वि.

काल रात्री सुखरूप पोचलो. तुझ्या हातचं वांग्याचं भरीत उत्तम होतं आणि बाकीचा दिवस वाईट होता.

तू म्हणालीस चिडू नको, मी चिडलो नाही. पण तोलणं म्हणजे काय हे लोकांना कळत नाही. तू घरी होतीस आणि दीक्षा बचत गटाच्या मिटिंगला गेली होती, म्हणून कसं तोललं ते लिहितो. आधी ट्रॅक्टर धुतला. मागच्या टायरांच्या खाचांत रोवण्याच्या दिवसांतला चिखल वाळून दगड झाला होता. तो मी लहानूजींना खुरप्याने खरवडायला लावला. पायलीभर माती निघाली. कोणी म्हणेल मातीचं वजन ते किती. पण मातीसुद्धा वजनच आहे. हत्यारांची पेटी उतरवली. सीटखालच्या तुझ्या जुन्या साडीची फडकीसुद्धा काढली. मग काट्यावर चढवला. लहानूजी मागच्या चाकावर हात ठेवून दोनदा काहीतरी बोलायला लागले, तेव्हा मी त्यांना सांगितलं की मधे बोलू नका, आकडा चुकतो. काट्यावाल्या पोराचं लक्ष तसंच मोबाईलमध्ये होतं.

आकडा आला दोन हजार साठ. तीन वेळा तोललं. तिन्ही वेळा दोन हजार साठ. पुस्तकापेक्षा तीनशे चाळीस किलो जास्त. म्हणून मी म्हणतो, छापलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवू नये.

आता गंमत ऐक. आज सकाळी पुन्हा वाडीला गेलो आणि ओमप्रकाशला दोन ट्रेलरांची आरसी बुकं काढायला लावली. लहान ट्रेलर स्वतः सहाशे ऐंशी किलोचा, मालासकट पंचवीसशेची परवानगी. म्हणजे त्यावर अठराशे वीस चढवता येतात. आपला ट्रॅक्टर दोनशे चाळीसने जड. मोठा ट्रेलर दोन आसांचा, देखणा, ब्रेक चांगले. त्यावर ट्रॅक्टर आरामात बसतो. पण तो स्वतःच एक हजार पन्नास किलोचा आहे; ट्रॅक्टर धरून झाले तीन हजार एकशे दहा, आणि माझी पिकअप ओढते अठ्ठावीसशे. लहान ट्रेलर ट्रॅक्टरला पुरत नाही, मोठा ट्रेलर पिकअपला पेलत नाही. ट्रेलर जितका मजबूत घ्यावा तितका तोच जड होतो. त्याहून मोठी गाडी आणावी तर ती कोणाची, आणि चालवणार कोण.

दुपारभर मी वर्कशॉपमध्ये हिशोब करत बसलो. तीन मोटारी तशाच पडून राहिल्या, त्यातल्या एकीचा मालक माझ्याकडे पाहून निघून गेला. बोनेट, बॅटरी, सीट काढून डाल्यात टाकली तरी दोनशे चाळीस निघत नाहीत. चाकं काढावीत तर मग त्याला ट्रॅक्टर कशाला म्हणायचं. ओमप्रकाश म्हणतो की भाऊ, रात्री काढा, रात्री काटे झोपलेले राहतात. मी त्याला म्हटलं की काटे झोपतात, ब्रेक झोपला तर कोण उठवेल. त्यावर तो म्हणे, तुमच्यासारखं गिऱ्हाईक बाप्पा मी पाहिलं नाही. हे कौतुक आहे की काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सिंधू, मी सगळे मार्ग पाहिले. मी माझ्या हाताने दीक्षाला जास्त वजनापुढे बसवू शकत नाही. शोभाताईंना नाही म्हणून कळव. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, आणि ट्रॅक्टर विकण्याची गोष्ट लहानूजींनी काढली तर मी येऊन बोलेन. पण आकड्यापुढे माझा इलाज नाही.

दीक्षाला सांग, मामाने प्रयत्न कमी केले नाहीत. रागावली तरी तिने जीव लावणं सोडू नये.

तुझा,
बळीरामदादा


भिवापूरजवळ
दि. १८ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप बळीरामदादास,
सविनय जयभीम, वि. वि.

दादा, शोभाताईले मी काही कळवलं नाही. का नाही कळवलं ते वाच.

तुझं पत्र काल जेवणाच्या वेळी आलं. दीक्षा वाचत होती, मी वाढत होती, हे खाली मान घालून जेवून राहिले होते. चिखल खरवडला, साडीची फडकी काढली, इथपर्यंत मी हसत होती. दोन हजार साठ आलं तशी दीक्षा थांबली. तिनं आकडा पुन्हा वाचला. मंग तिनं यांच्याकडं पाहिलं आन इचारलं का बाबा, टायरातलं पाणी काढलं होतं ना?

हे जेवत राहिले. तिनं पुन्हा इचारलं. तेव्हा म्हणाले, नाही काढलं.

दादा, मागच्या दोन्ही टायरात पाणी आहे. रोवण्याच्या वेळी बांधीच्या चिखलात चाक जागच्या जागी फिरू नये म्हणून आपल्याकडं टायरात पाणी भरतात, हवा कमी आन पाणी जास्त. जेठ महिन्यात मीच भरलं, पाइप लावून. तू वाइंडिंग करून दिलेल्या मोटारीनं भरलं, लवकर भरलं. यांच्या बाबाच्या काळापासून यांची सवय अशी का एकदा भरलं का वर्षभर काढाचं नाही. कोरड्या टायराचा ट्रॅक्टर म्हणजे उपाशी बैल, असं म्हणतात हे. दीक्षानं हिशोब केला, दोन टायरांत तीनशे लिटरच्या वर पाणी बसते. एका लिटराले एक किलो, हे तुले मी काय सांगू, तू पंपाचा माणूस.

मी यांच्यावर खूप चिडली. म्हटलं का काट्यावर तुमी उभे होते, तोंड काहून नाही उघडलं? तर म्हणाले का उघडलं होतं दोन खेपा. दोन्ही खेपा साळेभाऊ म्हणाले का मधे बोलू नका, आकडा चुकते. मंग मले वाटलं का त्याईनं पाणी मोजूनच घेतलं असन, मातीचं मोजते तो माणूस पाण्याचं कसं सोडन. एवढं बोलून हात धुवाले उठले. लग्नापासून मी यांचं एवढं लांब बोलणं ऐकलं नव्हतं.

तुले वाईट वाटावं म्हणून लिहून नाही राहिली. पण तू मातीवर खुरपं चालवाले लावत होतास आन पाणी आत होतं, आन ज्याले माहीत होतं त्यालेच तू चूप केलं.

खाली दीक्षाचं आहे. माया आहे म्हणून एवढं लिहिलं, माया नसती तर नुसतं ठीक आहे म्हणून मोकळी झाली असती.

तुझी,
सिंधू

मामा, जयभीम. पाणी काढलं तर लहान ट्रेलर पुरतो असं माझ्या हिशोबात येते, पण तुम्ही पुन्हा तोलाच. काटोलला ते पाणी लागतही नाही. तिथं चिखल नाही, उलट जड चाकानं झाडाच्या मुळांवरची जमीन दबते, शोभाताईनं मला आधीच सांगितलं होतं की टायर रिकामे करून आण. पाणी काढायचं ते निघण्याच्या दिवशी, म्हणून मी आधी काही बोलली नाही. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला सगळं माहीत राहते, म्हणून कोणी सांगत नाही.
तुमची दीक्षा


इंदोरा, नागपूर
दि. २० सप्टेंबर २०२४

चि. सिंधू व चि. दीक्षा यांस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद, वि. वि.

टायरांत पाणी भरतात हे मला माहीत नव्हतं असं समजू नका. ते तुमच्या टायरांत आहे हे माहीत नव्हतं. या दोन गोष्टींत फरक आहे.

पुस्तकातलं वजन कोरड्या टायरांचं असतं, हे त्यांनी ठळक लिहायला हवं होतं. काल चष्मा लावून पुन्हा वाचलं तर तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं आहे. असं लिहिणाऱ्यांना काय म्हणावं. तरी मी दीक्षाचा हिशोब मान्य करत नाही, कारण व्हॉल्व खाली आणून कितीही पाणी सोडलं तरी थोडं आत राहतंच. ते तिने धरलेलं नाही. येत्या रविवारी येतो. पाणी काढू, तोलू, आणि आकडा अठराशे वीसच्या खाली आला तरच पुढचं बोलू. दहा किलोनेही वर गेला तर मी ऐकणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

ओमप्रकाशला लहान ट्रेलर राखून ठेवायला सांगितलं आहे. त्याने विचारलं की तीन दिवसांत ट्रॅक्टर बारीक कसा झाला. मी त्याच्याकडे आरसी बुकाची झेरॉक्स मागितली.

लहानूजींना काय लिहावं ते मला सुचत नाही. तूर्त त्यांना जयभीम सांग. भेटीत मला हसणार असाल तर हसा, पण जेवायला वाढून मग हसा.

बळीराम


इंदोरा, नागपूर
दि. ३० सप्टेंबर २०२४

चि. सिंधूस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद, वि. वि.

काल काटोलला पोचल्याचं दीक्षाने फोनवर सांगितलंच असेल. तरी ती उत्साहात सांगणार, मी क्रमाने लिहितो.

आठ दिवसांपूर्वी तुमच्याकडे काट्यावर सतराशे चाळीस आले, ते तू पाहिलंसच. पाणी सुटलं तेव्हा लहानूजींनी त्याखाली चर खणून ते मिरचीच्या रोपांकडे वळवलं, हेही मी पाहिलं. ट्रॅक्टर आणि लहान ट्रेलर मिळून चोवीसशे वीस. ट्रेलरच्या आकड्याच्या आत, पिकअपच्या आकड्याच्याही आत. मी दोन्ही आरसी बुकं, विमा, काट्याच्या पावत्या, सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये क्रमवार लावलं होतं. कोणीही अडवलं तर एका मिनिटात हातात देता यावं म्हणून.

आणि कोणीही अडवलं नाही. भिवापूरपासून काटोलपर्यंत एकाही माणसाने विचारलं नाही. उमरेडजवळ एक पोलीस उभा होता. मी गाडी हळू केली, काच खाली केली, फोल्डर हातात घेतलं. त्याने हाताने पुढे व्हा म्हणून सांगितलं. आणि आमच्या मागून एक ट्रॅक्टर-ट्रॉली गेली, तिच्यावर वीट इतकी भरली होती की ट्रॅक्टरचं पुढचं चाक रस्त्याला नावापुरतं टेकत होतं. तिलाही त्याने पुढे व्हा म्हणून सांगितलं. शेवटी काटोलच्या फळबाजाराजवळच्या धर्मकाट्यावर मी स्वतःहून गाडी घातली. काट्यावाला म्हणे, पावती कोणाले पाहिजे. मी म्हटलं, मला पाहिजे. आकडा बरोबर आला, आणि तो पाहायला आमच्याशिवाय कोणी नव्हतं.

बागेत दीक्षाने ट्रॅक्टर उतरवला आणि झाडांच्या दोन ओळी तिथल्या तिथे करून दाखवल्या. शोभाताई वाकून चाकाच्या खुणा पाहत होत्या, जमीन दबली की नाही ते. मग म्हणाल्या की उद्यापासून शेजारची बागही धरून चाल. दीक्षा तिच्या बाबांकडे पाहत होती. विकण्याचा शब्द आता निघायचा नाही असं मला वाटतं. निघाला तर मला लिही.

आता जे लिहायचं होतं ते. लहानूजी येताना-जाताना माझ्या शेजारी बसले होते. नागपूर ओलांडल्यावर कळमेश्वरच्या पुढे ते काहीतरी बोलायला लागले. माझं लक्ष आरशात, ट्रेलरकडे होतं, आणि सवयीने माझा हात वर गेला. ते गप्प झाले. थोडं पुढे गेल्यावर मी इंडिकेटर देऊन गाडी कडेला घेतली, थांबवली, आणि त्यांना विचारलं की तुम्ही काय म्हणत होता. त्यांनी आधी दीक्षाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग म्हणाले की मागे ती टपरी गेली, तिथला चहा चांगला राहते.

आम्ही मागे चालत जाऊन चहा घेतला. चहा खरंच चांगला होता. परत आल्यावर मी ट्रेलरभोवती फिरलो, तर डाव्या बाजूची साखळी ढिली झाली होती. थांबलो नसतो तर काटोलपर्यंत कळलं नसतं. चहामुळे साखळी सापडली, हे मी कोणत्या हिशोबात धरू, मला समजत नाही.

दसऱ्याला तुम्ही दीक्षाभूमीवर याल तेव्हा आधी घरी उतरा. तुझ्या वहिनीने आत्तापासून डाळ निवडायला काढली आहे. लहानूजींना माझा जयभीम सांग, आणि हेही सांग, की मी काही मोजत असेन आणि त्यांना मधे बोलावंसं वाटलं, तर चालते.

मायेचं जेवढं आहे तेवढं तरी राहू दे, जास्त झालं तर तोलायला मी येणार नाही.

तुझा,
बळीरामदादा